कीर्तनाला परदेशी पाहुणे

नारदमुनी हे त्रैलोक्यातले पहिले पर्यटक, असे माझे प्रामाणिक मत आहे. ना व्हिसा, ना चाकांची बॅग. वीणा खांद्याला लावली की निघाले. एवढा थोर प्रवासी, पण ज्या ज्या लोकी गेला तिथे त्याची ख्याती काय? तर "आले कळलावे!" स्वर्गात तेच, पाताळातही तेच. आपण ज्या गावाला जातो तिथे आपल्या आधी आपली अपकीर्ती पोचून पाटावर बसलेली असते, हा धडा कीर्तने ऐकून ऐकून मला केव्हाचा पाठ झाला होता. पाठ झालेली गोष्ट ऐन वेळी आठवत नाही, हा त्यातला दुसरा धडा. तो मात्र नव्याने शिकावा लागला.

मी कृष्णनाथ, पेडण्याचा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा लोक विचारू लागले, आता वेळ कसा घालवणार? मला हसू आले. डिचोलीपासून तेरेखोलपर्यंत कुठे झांजेचा आवाज झाला की मी तिथे पहिल्या रांगेत मांडी घालून हजर. पूर्वरंगात डोळे मिटतो, उत्तररंगात पुसतो. आमची देवकी सांगते की लग्नात मी मंगलाष्टकांना मान डोलवण्यात इतका रंगलो की अंतरपाट दूर झाला तरी हार माझ्या हातातच होता. असेल. मंगलाष्टके म्हणणाऱ्याचा गळा चांगला होता.

आमच्या वाड्यावर सातेरी देवीच्या देवळाचा वर्धापनदिन माघात येतो आणि त्या संध्याकाळी डिचोलीच्या यशोदाताईंचे कीर्तन होते. ताईंनी सत्तरी ओलांडली, पण आवाज असा की देवळाच्या जनेलावर, म्हणजे खिडकीवर, बसलेली कबुतरेसुद्धा घुमायची थांबतात. दोन वर्षांमागे मात्र ताई उभ्या राहिल्या आणि समोर श्रोते सहा. त्यांतले दोघे तबलजीचे नातलग, आणि एक जण चप्पल हरवली म्हणून थांबलेला.

गेल्या वर्षी माघ जवळ येताच देवस्थान समितीची बैठक झाली. अध्यक्ष गोकुळदास. हार्डवेअरचे दुकान, मोठा आवाज, आणि माझ्या कुंपणाला लागून घर. आमच्या दोघांत एक फणस आहे. झाड माझ्याकडे आणि फणस त्याच्याकडे.

"कृष्णनाथबाब, उगाच रागावू नका," गोकुळदास म्हणाला, "पण कीर्तनाक मनीस येना. फुडल्या वर्सापासून ऑर्केस्ट्रा. पोरांची मागणी आसा."

मी ताडकन उठलो. देवळातल्या बैठकीत ताडकन उठू नये. वर घंटा असते. घंटा वाजली, कपाळाला टेंगूळ आले, आणि त्या नादात मी बोलून गेलो, "ह्या वर्षी मंडप भरवून दाखवतो! नाही भरला तर ऑर्केस्ट्र्याचा पहिला नारळ मी माझ्या हाताने फोडीन!"

गोकुळदास व्यवहारी माणूस. त्याने दुसऱ्याच दिवशी एक चांगला भरलेला नारळ आणला, त्याला कुंकू लावले आणि देवळाच्या रांधपाच्या खोलीत फळीवर ठेवून दिला. जाता येता मला दाखवायचा. "तुमचो नारळ आसा हां थंय. सांबाळून दवरलाय."

मी घरोघर फिरलो. कोणाकडे लग्न होते, कोणाकडे मालिकेतले लग्न होते. एकाने तर विचारले, "बाब, कीर्तन मोबायलार येता मरे? थंय पळयतों." मी हताश होऊन सोप्यावर बसलो असताना आमची सिद्धी कामावरून आली. ती हरमलला एका गेस्ट हाऊसमध्ये रिसेप्शनवर असते.

"पप्पा, आमचे गेस्ट रोज विचारतात, इथलं काही अस्सल बघायला मिळेल का? मी त्यांना कीर्तनाला पाठवू?"

विठ्ठलाने बुद्धी दिली असे मला वाटले. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर जगातले निम्मे देश उताणे पडलेले असतात. त्यांतले पाच-पंचवीस उठून मांडी घालून बसले तर देवळाचे काय बिघडणार आहे?

ही गोष्ट फक्त देवकीला सांगितली होती. तासाभराने पोदेर पाव घेऊन आला तो विचारीतच, "बाब, रशियन येतले खंय?"

मग सल्ल्यांना तोटा राहिला नाही. पहिला आला रुद्रेश. हा समोरच्या घरातला, टॅक्सी चालवतो, आणि मोपाच्या विमानतळावरून माणसे उचलत असल्यामुळे अखिल मानवजातीवर त्याचा अधिकार आहे.

"बाब, परदेशी म्हणजे सगळे एक नव्हेत," त्याने सोप्यावर पाय वर घेतले. "रशियन मनीस हांसना. गाडीत बसला की सरळ समोर पाहतो, जसा काय मी त्याला पोलिसांत नेतोय. रशियन नको. कीर्तनात विनोद झाला तर ताईंचा अपमान होईल. इंग्लिश बोलवा. मी त्याच्या पायावर बॅग टाकली तरी 'सॉरी' तोच म्हणतो. कंटाळला तरी उठायचा नाही."

"आणि फ्रेंच?"

"फ्रेंच प्रसादाला नावं ठेवील. इस्रायली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीचा भाव करतो तसा ताईंकडे आख्यानाचा भाव करील, अर्ध्या तासात आटपा म्हणून. बाब, तुम्ही जर्मन घ्या. जर्मन म्हणजे घड्याळ. पाच म्हणजे पाच."

"आणि आपले इंडियन पर्यटक?"

रुद्रेशने कानांना हात लावले. "तांचें नांव काडूं नाकात. माझ्या सीटात अजून चिवड्याचे शेंगदाणे सापडतात."

कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या गोकुळदासला राहवले नाही, तोही सोप्यावर येऊन बसला. तो दोन वर्षांमागे टूर कंपनीबरोबर युरोप पाहून आलेला; त्यामुळे रुद्रेशने विमानतळापर्यंत नेलेला विषय त्याने पुढे नेला.

"तुम्ही त्यांना इथे पाहिलेत. मी त्यांच्या घरात जाऊन पाहिलंय," तो म्हणाला. "आणि आपली इज्जत किती आहे तिकडे, सांगू? हॉटेलात सकाळी नाश्त्याला गेलो. भिंतीवर पाटी. कुठल्या भाषेत? हिंदीत! एवढ्या देशांचे लोक तिथे, जपानी, अमेरिकन. पण पाटी फक्त आपल्या भाषेत."

"काय लिहिलं होतं?" देवकीने चहा ठेवता ठेवता विचारले.

"'नाश्ता डब्यात भरून नेऊ नये.'"

देवकीने पदर तोंडाला लावला. गोकुळदासला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. "दुसरी पाटी बाल्कनीत होती, कपडे वाळत घालण्याविषयी. तीही हिंदीत. मी तिच्याबरोबर फोटो काढलाय."

मी मनात म्हटले, नारदाच्याही आधी त्रैलोक्यात अशाच पाट्या लागत असतील.

इथवर सगळे तोंडी होते. मग मी कचेरीत गेलो आणि ते कागदावर आले. लाऊडस्पीकरच्या परवान्यासाठी दर वर्षी जातो त्या कचेरीत साहजिकच आनंदाच्या भरात बोलून गेलो, "यंदा परदेशी पाहुणेसुद्धा येणार आहेत." कारकुनाने पेन खाली ठेवले.

"किती देशांचे?"

"दोन-तीन."

"दोन की तीन? एका देशाचे असले तर सांस्कृतिक. एकाहून जास्त झाले की आंतरराष्ट्रीय. त्याची खिडकी वेगळी."

त्या खिडकीतल्या बाईंनी विचारले, "कलाकार परदेशी?" म्हटले, नाही, डिचोलीची. "मग परदेशी कोण?" म्हटले, श्रोते. त्यांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला. "श्रोत्यांना रकाना नाही. तुमचे परदेशी गाणार का? टाळ वाजवणार का? निदान नाचणार का?" मी म्हटले, नुसते ऐकणार. "नुसतं ऐकायला कोणी येतं का?" बाईंना खरोखर कुतूहल वाटले असावे. मला रडू आले, कारण प्रश्न बरोबर होता.

शेवटी आतून साहेब आले. त्यांनी अर्ज वाचला, माझ्या कपाळावरचे टेंगूळ पाहिले, आणि हळूच म्हणाले, "अहो, 'परदेशी' हा शब्दच काढा. 'भाविक' लिहा. भाविकांचा देश कोणी विचारत नाही."

एवढे शहाणपणाचे वाक्य त्या कचेरीत मी पुन्हा ऐकले नाही. पण त्या वेळी मला त्याचे मोल कळले नाही. मला फक्त शिक्का कळला.

परवाना खिशात घालून मी हरमलच्या किनाऱ्यावर आमंत्रणाला गेलो. आमंत्रण देवाचे, म्हणून पोशाखही तसाच: धोतर, कोट, काळी टोपी, कपाळी बुक्का. वाळूत दहा पावले टाकली नाहीत तोच बाहेरगावची पाच-सहा मंडळी धावत आली. "बाबा, एक फोटो!" मी कशाला नाही म्हणू? एकाने खांद्यावर हात टाकला, एकीने माझी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, आणि जाताना एका काकूंनी माझ्या हातात दहाची नोट कोंबली. ज्या हाताने मी तेहतीस वर्षे सरकारी कागदांवर सह्या केल्या, त्या हातात. पुढे एका शॅकचा वेटर आडवा आला, "बाबा, हांगा भविष्य सांगपाक बंदी आसा."

त्याही पलीकडची अडचण निराळीच होती. आमंत्रण द्यायचे तर माणसाच्या तोंडाकडे पाहून द्यावे; पण ज्यांना द्यायचे त्यांच्या अंगावर वस्त्र एवढे कमी की मी सात्त्विक माणूस समुद्राकडे पाहूनच बोलू लागलो. ज्या गृहस्थाला मी आमंत्रण देत होतो तो उठून बसला आणि मी कोणाला हाका मारतो आहे ते पाहायला तोही समुद्राकडे पाहू लागला. बराच वेळ आम्ही दोघे समुद्राला आमंत्रण देत होतो.

तरी एक जर्मन जोडपे भेटले. दोघांनी नीट ऐकून घेतले. किती वाजता, किती वेळ, खाली बसायचे की खुर्चीवर, सगळे विचारून फोनमध्ये टिपून घेतले. संध्याकाळी रुद्रेश म्हणाला, "जर्मनाने लिहून घेतलं ना? मग झालं तुमचं काम. दगडावरची रेघ."

सिद्धीने आपल्या गेस्ट हाऊसमधल्या सगळ्यांना विचारले होते. "पप्पा, बाकीचे पाहू म्हणाले. गालिना म्हणून एक आजी नक्की येते म्हणाल्या."

"खंयची?" रुद्रेशने विचारले.

"रशियाची."

"ती येवची ना," रुद्रेश म्हणाला. "आयली तरी हांसची ना."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हांला इतकी सवयीची आहे की कोणाच्या ध्यानातही आली नाही. आमच्याकडे फलकावर 'संध्याकाळी ठीक पाच वाजता' लिहिले की माणसे साताला येतात. सात लिहिले तर देव एकटाच बसतो. हे आम्ही जन्मतः जाणतो. सिद्धीनेही फलकावरचे पाच तसेच उतरवून पाहुण्यांना दिले. इकडे गोकुळदासने देवळाच्या कमानीवर नवे कापड लावले: 'परदेशी पाहुण्यांच्या प्रमुख उपस्थितीत सुश्राव्य कीर्तन'. ताईंचे नाव खाली, बारीक. पुढच्या बाजूला लग्नाच्या हॉलमधून आणलेली पांढऱ्या झालरीची कदेलां म्हणजे खुर्च्या मांडल्या, त्यांच्याभोवती दोरी बांधली, आणि दोरीला चिठ्ठी: 'फक्त परदेशी'.

वर्धापनदिनाच्या दिवशी दुपारी मी रुद्रेशच्या गाडीतून ताईंना आणायला डिचोलीला गेलो. येताना रुद्रेशने ताईंनाही देशोदेशीच्या माणसांची लक्षणे ऐकवली. वाटेत ताईंना एका ओळखीच्या घरी पान खायचे होते, दुसऱ्या ओळखीच्या घरी पहिल्या घरच्या पानाविषयी सांगायचे होते. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई घशासाठी गरम पाणी घ्यायला मागल्या दाराने रांधपाच्या खोलीत गेल्या आणि मी मंडपात पाऊल टाकले.

मंडप भरला होता.

नुसता भरला नव्हता, ओसंडत होता. ज्यांच्याकडे लग्न होते ते आले होते, ज्यांच्याकडे मालिका होती ते आले होते, मोबाइलवाला आला होता आणि मोबाइल उंच धरून उभा होता. शेजारच्या दोन वाड्यांवरून टेम्पो आले होते. मी देवीला हात जोडले. इतक्यात एका म्हातारीने विचारले, "कृष्णनाथा, मांडी घालतत खंय रे ते? तांचो पांय दुमडता?"

मग उमगले. सगळे आले होते ते परदेशी माणूस कीर्तन ऐकताना कसा दिसतो ते पाहायला. आणि दोरीच्या आतली पांढरी कदेलां सगळीच्या सगळी रिकामी.

"रशियन आली का?" मी गोकुळदासला विचारले.

"रशियन ना, जर्मन ना, कोण ना!" त्याने घाम पुसला. "बाब, लोक माझ्या तोंडाकडे पाहतायत."

मी देवकीला गाठले. ती प्रसादाचे मणगणे, म्हणजे चणाडाळीची खीर, ढवळत होती, भोवती बायकांचा गराडा. "अगो, रशियन आली का?" "रशियन? मला नाही दिसली," ती म्हणाली. "बाजूला व्हा, खाली लागेल."

कीर्तन सुरू झाले. ताईंनी नमन केले, पूर्वरंगाला अभंग घेतला, आणि काय सांगू, असा पूर्वरंग मी वर्षानुवर्षांत ऐकला नव्हता. पण कोणी ऐकेल तर ना! दारात जरा सावली हलली की शेकडो माना मागे वळत. दारात पोदेर. माना पुढे. पुन्हा सावली. माना मागे. दारात गाय. एकदा तर तबलजीच मागे वळला आणि सम दारापाशी पडली. पहिल्या रांगेत ताईंकडे तोंड करून बसलेला मी एकटा, आणि खरे सांगतो, एकदा माझीही मान वळली. वळली ती नेमकी गाय आली तेव्हा.

मध्यंतर झाले. बुक्का लावायची, ताईंना हार घालायची वेळ. तेवढ्यात मागून आवाज आला, "येवचे नात मरे! चल, घरा वचूंया." माणसे धोतरे, साड्या झटकून उठू लागली. गोकुळदास माझ्या कानाशी लागला. "पाहिलंत? कीर्तनाला कोण आलंय? तुमचो नारळ फळयेर आसा."

मी ताईंच्या गळ्यात हार घातला. ताईंनी माझ्याकडे पाहिले, उठणाऱ्या लोकांकडे पाहिले, पांढऱ्या कदेलांकडे पाहिले, दोरीवरची चिठ्ठी वाचली, आणि झांज अशी वाजवली की उठलेला माणूस उठल्या जागी अर्धा वाकून राहिला.

"हस्तिनापुरात," ताई म्हणाल्या, "आज श्रीकृष्ण येणार आहेत."

विदुराघरच्या कण्यांचे आख्यान. शेकडो वेळा ऐकलेले. पण ताईंनी दुर्योधनाची तयारी सांगायला घेतली आणि मी सावरून बसलो. "दुर्योधनानं कमानी उभारल्या. कमानीवर कापड लावलं. 'द्वारकेच्या पाहुण्यांच्या प्रमुख उपस्थितीत!'" मंडपात खसखस पिकली. "शकुनी म्हणाला, राजा, द्वारकेची माणसं मला ठाऊक आहेत, मी रथ हाकलाय तिकडे. तिकडची माणसं लोणी मागतात. गोकुळातली बोलवू नकोस, ती शिंकाळी फोडतात." मागच्या रांगेत कोणीतरी रुद्रेशच्या पाठीत गुद्दा घातला. "मग दुर्योधनानं आसनं मांडली. पांढरी. त्यांना झालर. आणि भोवती," ताईंनी झांजेने दाखवले, "दोरी!"

आता सगळे खाली बसले होते. गोकुळदास खांबाच्या आड सरकत होता.

"सगळं हस्तिनापूर दाराकडे टक लावून. सावली हलली की माना मागे! रथ आला? नाही, गाय आली." हशा असा उसळला की कबुतरे उडाली. ताईंनी हशा विरू दिला. मग आवाज खाली आणला, इतका की पेटीवाल्याने भाता धरून ठेवला. "आणि पाहुणा केव्हाचा आला होता रे बाबांनो. दिलेल्या वेळेला आला होता. दारात कोणी नव्हतं. म्हणून मागल्या दारानं गेला, विदुराच्या स्वयंपाकघरात. तिथे कोणी विचारलं नाही, तू कुठला, तुझे लोक कसे. विदुराची बायको म्हणाली, आलास? बरं झालं. बस. हे घे." आणि ताईंची झांज बायकांच्या बाजूच्या खांबाकडे वळली. "नारळ किसायला घे!"

सगळा मंडप त्या खांबाकडे वळला. तिथे देवकीची जांभळी साडी नेसलेली, पदर डोक्यावर घेतलेली एक पिकली म्हातारी देवकीला टेकून बसली होती. सगळे आपल्याकडे पाहतात असे दिसताच ती गोंधळून उठली. पदर खाली आला. पांढऱ्या केसांत ओले खोबरे. तिने हात जोडले आणि, रुद्रेशने ऐकावे म्हणून सांगतो, ती हसली. अशी हसली की मंडपातली सगळी पोरे टाळ्या वाजवू लागली.

गोकुळदास धावला. दोरी वर केली, "मॅडम, प्लीज, चेअर!" गालिनाने खुर्ची पाहिली, आपल्या गुडघ्यांना हात लावला, आनंदाने मान हलवली, आणि दोन कदेलां उचलून परत खांबापाशी नेली, एक आपल्याला, एक देवकीला. ते पाहून मघाची म्हातारी ओरडली, "आमचे धोंपर काय लोखंडाचे?" मग वाड्यावरच्या सगळ्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्या कदेलांवर ताबा मिळवला. दोरी कोणीतरी टेम्पोचा हौदा बांधायला नेली ती नेलीच.

उत्तररंग रात्रीपर्यंत चालला. कोणी उठले नाही. पाहायचे ते पाहून झाले होते. आता ऐकण्यावाचून इलाज नव्हता. कृष्णाने कण्या मागून खाल्ल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे डोळे पुसले. शेजारी पाहिले तर मोबाइलवाला मोबाइल खिशात टाकून तेच करीत होता.

आरतीची घंटा वाजत असताना जर्मन जोडपे आले. धापा टाकत नाही, सावकाश, प्रसन्न चेहऱ्याने. रुद्रेश घड्याळाकडे बघतच राहिला. सिद्धीने विचारले तेव्हा ते अभिमानाने म्हणाले की ते सहा वेळा भारतात आले आहेत आणि इथल्या वेळा त्यांना आता नीट जमतात.

प्रसादाचे मणगणे वाढता वाढता मी देवकीवर घसरलो. "मी दहा वेळा विचारलं, रशियन आली का, रशियन आली का! सांगायचंस नाही?"

"अहो, तुम्ही 'रशियन' विचारत होता," देवकी शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही कोणातरी मोठ्या बाईची वाट पाहताय. ही तर गालिना. हिला तीन नाती आहेत, जिना चढताना हिचे गुडघे धरतात, आणि धाकटा जावई हिला आवडत नाही. पाचपासून माझ्याबरोबर आदोळीवर खोबरं किसतेय."

"पण तुला रशियन भाषा कुठे येते?"

"जावयाचा फोटो दाखवला तिने. तोंड केलं ते कळलं."

इकडे गोकुळदासला आपली आंतरराष्ट्रीय हौस आवरत नव्हती. तो गालिनासमोर जाऊन बसला आणि सिद्धीला म्हणाला, "विचार तिला, तुमच्या देशात आम्हां इंडियन लोकांविषयी काय मत आहे?" आणि पाट्यांच्या आठवणीने छाती फुगवून वाट पाहू लागला.

गालिना संकोचली. सिद्धीने आग्रह केला तेव्हा थोडे थोडे सांगू लागली आणि सिद्धी आमच्यासाठी मराठीत सांगत गेली. निघताना टूर कंपनीने त्यांना एक पाठ देऊन ठेवला होता. भारतीय तुमचे वय विचारतील, मुले किती ते विचारतील. खाऊ घालतील, नको म्हटले तर जास्त घालतील. तुमच्याकडे टक लावून पाहतील. आणि पाच वाजता या म्हणाले तर साताला जा.

"ती म्हणते," सिद्धीने हळूच सांगितले, "मी सगळा जन्म शाळेत शिकवलं. पोरांना सांगायची, एका अख्ख्या देशाविषयी असं बोलू नये, हे अन्यायाचं असतं. म्हणून मी मुद्दाम पाचला आले."

 देवकी मणगण्याचा डाव हातात धरून तिच्या वाटीत तिसऱ्यांदा वाढत होती. ती तशीच थांबली.

गोकुळदासने पाटी उतरवलेल्या माणसासारखा चेहरा केला. पण तो व्यापारी. हिशेब सोडणारा नव्हे. "ते असूं दे," तो माझ्याकडे वळला. "कृष्णनाथबाब, मंडप भरला, मान्य. पण भरला तो परदेश्यांसाठी. तुम्ही काय म्हटलं होतं? कीर्तनाला मंडप भरवीन. तेव्हा नियमानं ऑर्केस्ट्रा. नारळ आणा, देवीसमोर आताच फोडा."

 बोललेला शब्द होता. मी रांधपाच्या खोलीत गेलो, मागून गोकुळदास, मागून अर्धा मंडप. फळीवर हात घातला. फळी रिकामी. फक्त कुंकवाचा एक ठिपका.

"नारळ खंय?" गोकुळदास ओरडला.

"तो होय?" देवकी दारातून म्हणाली. "माणसं एवढी आली, रसाला एक नारळ कमी पडत होता. गालिनाला म्हटलं तो काढ. तिने फोडला, तिने किसला."

गोकुळदासने हातातल्या वाटीत पाहिले. वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती. त्याने दोनदा वाढून घेतले होते.

"ऑर्केस्ट्रा पोटात गेला म्हणायचा," यशोदाताई म्हणाल्या आणि रुद्रेशच्या गाडीत जाऊन बसल्या.

ह्या वर्षी माघात फलक रंगवायला गोकुळदास स्वतः उभा राहिला. ताईंचे नाव वर, मोठे. परदेशी पाहुण्यांचा उल्लेख नाही. खाली वेळ: 'संध्याकाळी ठीक पाच वाजता (रशियन वेळ)'. गालिनाने सिद्धीला फोटो पाठवायला सांगितले होते, पाठवला.

देशाच्या अब्रूचा प्रश्न म्हणून मी पाचच्या आधीच मंडपात पोचलो. गोकुळदास झाडू घेऊन हजर होता. त्याने मला पाहिले, घड्याळ पाहिले, आणि दुसरा झाडू पुढे केला. पाच वाजून गेले, सहा वाजले, तिसरे कोणी येईना. आम्ही दोघे मांडी घालून बसलो, आणि दारात सावली हलली की मान वळवून पाहू लागलो.